फिनलंडच्या बेटांवर तंबू: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शनिवारची सकाळ. पार्नेसच्या धक्क्यावर आम्ही चौघं, पाठीला सॅक, हातात पाण्याचे कॅन. वेळापत्रकात 'एस' या अक्षराखाली आमच्या बोटीची वेळ छापलेली होती. एस म्हणजे सॅटर्डे, यात शंका घ्यावी असं कुणाला वाटलंही नाही. अर्ध्या तासाने जाळं आवरणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "कुठे निघालात?" आम्ही सांगितलं. ते हसले नाहीत, फिनिश माणसं अशा वेळी हसत नाहीत. एवढंच म्हणाले, "ती उद्या." फिनिशमध्ये शनिवार म्हणजे लाउआन्ताई, त्याचा 'एल'. सुन्नुन्ताई म्हणजे रविवार, त्याचा 'एस'. स्वीडिशमध्येही अक्षरं हीच. ती रात्र आम्ही ठरलेल्या बेटावर न काढता नाउवोच्या कॅम्पिंगवर काढली.

हा लेख तशाच लोकांसाठी आहे: तुर्कू किंवा हेलसिंकीला एक्स्चेंजवर आलेले, गाडी नाही, बोट नाही, खिशात बेताचे युरो, आणि जूनमध्ये परीक्षा संपल्यावर "इथली बेटं पाहायचीच" असं मनात घेतलेले. मी लिहितोय ते तुर्कूच्या समोरच्या द्वीपसमूहाबद्दल. हजारो बेटं आहेत, काही गावाएवढी, काही जेमतेम एक गलबत टेकेल एवढी. मोजायचं कसं यावर आकडा बदलतो, म्हणून मी त्यात पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पहिल्या खेपेला बेट एकच घ्या आणि तिथे दोन रात्री राहा. पाच दिवसांत सहा बेटांचे आराखडे मी बरेच पाहिलेत. त्यातले बहुतेक धक्क्यावर बसून संपतात.

पहिली पायरी: आधी तारीख, मग बाकी

जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. जूनच्या सुरुवातीला हवा छान असली तरी पाणी बर्फासारखं असतं. पोहायचं असेल तर जुलैची अखेर गाठा. ऑगस्टमध्ये रानातल्या ब्लूबेरी हाताशी असतात, गर्दी ओसरते, आणि रात्र पुन्हा रात्रीसारखी होते. जूनच्या अखेरीस तुर्कूत सूर्य अकराच्या सुमारास मावळतो आणि चारला उगवतो. मधल्या वेळात काळोख असा पडतच नाही, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी न्याच. आमच्यातला एक रात्री दोन वाजता "उजाडलं" म्हणून चहाला उठला होता.

एका आठवड्यापासून मात्र लांब राहा: युहान्नुस, म्हणजे इथला मध्य-उन्हाळ्याचा सण. तो २० ते २६ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी असतो, पण खरा जोर आदल्या दिवशी, शुक्रवारी. सगळं शहर बेटांवर जातं, फेऱ्यांना रांगा लागतात, दुकानं लवकर बंद होतात. कुणा फिनिश मित्राच्या घरचं आमंत्रण असेल तर मात्र सगळं सोडून जा. स्वीडिश बोलणाऱ्या बेटांवर फुलापानांनी मढवलेला उंच खांब उभा करतात, तो पाहण्यासारखा असतो.

आणखी एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट. एक्स्चेंज मे अखेरीस संपत असेल तर खोलीचा करार आणि निवासाचा परवाना कुठल्या तारखेपर्यंत आहे ते आधी बघा. सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न तंबूपेक्षा मोठा ठरतो.

दुसरी पायरी: बेट निवडा

आधी रुइस्सालोवर एक रात्र काढा. तुर्कू शहराचाच भाग आहे, सिटी बस जाते, ओकची जुनी झाडं आहेत, रीतसर कॅम्पिंग आहे. इथे तंबू उभारायला शिका, चूल पेटवून बघा, काय विसरलं ते कळू द्या. विसरलेली वस्तू इथे बसने जाऊन आणता येते.

त्यानंतर नाउवो. तुर्कूहून बस पकडायची. पारायनेन ओलांडल्यावर रस्ता समुद्रात संपतो आणि बस तशीच पिवळ्या फेरीवर चढते. ही फेरी म्हणजे 'लाउत्ता'. ती सरकारी रस्त्याचाच भाग मानली जाते, म्हणून तिकीट नाही: गाडीला नाही, सायकलला नाही, चालणाऱ्यालाही नाही. पहिल्यांदा चढताना मी पाकीट काढून उभा होतो, पण घेणारा कुणीच नव्हता. नाउवोला दुकान आहे, बंदर आहे, जुनं दगडी चर्च आहे. तिथून उन्हाळ्यात सेइली बेटावर दिवसभरासाठी जाता येतं. तिथे १७व्या शतकात कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढलं होतं, पुढे मनोरुग्णालय झालं, ते १९६२मध्ये बंद झालं. आता तिथे तुर्कू विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि तिथले लोक इतर गोष्टींबरोबर गोचिडींचाही अभ्यास करतात. गोचीड लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचंच आहे.

तिसरा टप्पा बाहेरची बेटं. नाउवोच्या पश्चिम टोकाला पार्नेसचा धक्का आहे. तिथून नोत्यो, युर्मो असं करत बोट उत्योपर्यंत जाते. शेवटपर्यंत चार-पाच तासांचा प्रवास. बाराही महिने वस्ती असलेलं फिनलंडचं सगळ्यात दक्षिणेचं बेट म्हणजे उत्यो. तिथला आताचा दीपस्तंभ १८१४चा. माझा जीव मात्र युर्मोवर आहे. झाडं जवळजवळ नाहीतच, हेदरची झुडपं, लांबच लांब गोट्यांचा किनारा आणि चरणारे अल्पाका. हो, दक्षिण अमेरिकेतले. तिसरा पर्याय ओरो, कास्नेसच्या बाजूने जायचं. तिथे लष्कराचा तळ होता आणि २०१५पर्यंत सामान्य माणसाला पाय ठेवता येत नव्हता. त्यामुळे तोफा तर आहेतच, पण कुणी नांगर न फिरवलेल्या जमिनीवरची फुलंही आहेत.

नावांचा घोळ करून घेऊ नका. इथे प्रत्येक गावाला दोन नावं असतात: नाउवो आणि नागू एकच, कोर्प्पो आणि कोर्पो एकच, तुर्कू आणि ओबो एकच. फलकावर दोन्ही लिहिलेली असतात. बेटांवर स्वीडिश बोलणारे जास्त, म्हणून दुकानात धन्यवाद म्हणताना फिनिश 'किइतोस'च्या ऐवजी स्वीडिश 'ताक' म्हटलंत तर समोरचा चेहरा खुलतो. हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही.

तिसरी पायरी: वेळापत्रक वाचायला शिका

पिवळी लाउत्ता दिवसभर ये-जा करते, तिचा विचार करायचा नाही. खरा अभ्यास बाहेरच्या बेटांना जोडणाऱ्या 'युहतेयुस-आलुस' बोटींचा. त्या बेटांवरच्या लोकांसाठी आहेत, त्यांचा किराणा, त्यांची मुलं, त्यांचं औषध त्यातून जातं. जागा कमी असेल तर प्राधान्य त्यांना, आणि ते योग्यच आहे.

वेळापत्रक छापील किंवा डाउनलोड केलेलं जवळ ठेवा आणि त्यात तीन गोष्टी तपासा. आठवड्याचा वार: 'एम-पी' म्हणजे सोमवार ते शुक्रवार, 'एल' शनिवार, 'एस' रविवार. हंगामाच्या तारखा: उन्हाळ्याचं वेळापत्रक संपलं की काही फेऱ्या अचानक गायब होतात. आणि तिसरी, चौकट करून लिहावी अशी: काही थांब्यांवर बोट मागणी असेल तरच थांबते, तीही आधी फोन करून कळवावी लागते. फोनला घाबरू नका, इंग्रजी चालतं. "बोट येईल हो" या आपल्या भरवशावर मात्र राहू नका.

जाण्याच्या आधी परतीची बोट पक्की करा. मी परतीची वेळ कागदावर लिहून तंबूच्या आतल्या खिशात ठेवतो. त्यानंतरच्या बोटीचीही ठेवतो, कारण वारा जोराचा असला की बोटी उशिरा येतात किंवा रद्द होतात. एक दिवसाचं जास्तीचं खाणं याच हिशोबाने न्यायचं. विमान पकडायच्या आदल्या दिवशी बाहेरच्या बेटावर कुणीही असू नये.

चौथी पायरी: जमीन कुणाची?

फिनलंडमध्ये 'योकामिएहेन-ओइकेउस' नावाची जुनी चाल आहे. जमीन दुसऱ्याची असली तरी तिच्यातून चालायला, पोहायला, एखाद-दोन रात्री तंबू टाकायला, बेरी आणि अळिंबी वेचायला मालकाची परवानगी लागत नाही. साधी काठी, दोरा, गळ आणि गांडूळ घेऊन मासे धरायलाही पैसे पडत नाहीत. रीळ लावलंत आणि आमिष ओढायला लागलात की सरकारी शुल्क भरावं लागतं.

हे ऐकून आपला माणूस हुरळतो, म्हणून मर्यादाही सांगतो. घराच्या आणि अंगणाच्या जवळ नाही. किती मीटर, हे कायद्यात आकड्याने लिहिलेलं नाही. मी पाळतो तो नियम असा: खिडकीतून मी दिसत असेन तर मी फार जवळ आहे. इथल्या बहुतेक किनाऱ्यांवर कुणाची ना कुणाची उन्हाळी झोपडी असते, त्यामुळे मोकळा दिसणारा खडक मोकळा असेलच असं नाही. शेकोटी या अधिकारात येत नाही, तिला मालकाची परवानगी हवीच. जिवंत झाड तोडायचं नाही, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही.

राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक. इथलं द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यान १९८३चं, बाहेरच्या कित्येक बेटांचा भाग त्यात येतो, आणि कारभार मेत्साहाल्लितुस या सरकारी संस्थेकडे. उद्यानात तंबू नेमून दिलेल्या जागीच. त्यांच्या नकाशावर तंबूची खूण असते, शेकोटीची वेगळी, कोरड्या संडासाची वेगळी. जाण्याच्या आधी तो नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. पक्षी अंडी घालतात त्या काही बेटांवर ठरावीक काळात पाय ठेवायलाही बंदी असते, पाटी असते, ती वाचा. पाटी नसेल तर कुररी पक्षी स्वतः सांगतात. त्यांचं घरटं जवळ असलं की ते थेट डोक्यावर चोच मारतात. टोपी काढून हलवण्यापेक्षा वाट बदलावी.

पाचवी पायरी: सामान

आधी उसनं बघा. विद्यार्थी संघटना, वर्गातले फिनिश मित्र, काही सार्वजनिक वाचनालयंसुद्धा तंबू आणि सॅक देतात. नाहीतर 'किर्प्पुतोरी', म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार.

तंबू घेताना एक बघा: खुंट्या न मारता आपल्या पायांवर उभा राहतो का? बेट म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइट, त्यात खुंटी जात नाही. दोऱ्या मोठ्या दगडांना गुंडाळाव्या लागतात, म्हणून दोरी जास्त घ्या. पांढुरक्या शेवाळावर, म्हणजे लायकेनवर तंबू टाकू नका. उन्हात ते बिस्किटासारखं चुरतं आणि परत वाढायला कित्येक वर्षं घेतं.

उन्हाळा म्हणून फसू नका. दिवसा २२ अंश असले तरी पहाटे वाऱ्यात ८-१० वाटतात. पाच अंशांपर्यंत ऊब देणारी स्लीपिंग बॅग, खाली घालायची जाड मॅट, लोकरी टोपी, वारा अडवणारं जाकीट. जीन्स घरी ठेवा, भिजली की दोन दिवस वाळत नाही.

चूल ट्रांगियाची. स्पिरिटवर चालते, बिघडायला तिच्यात काहीच नाही. इंधन 'सिनोल' नावाने सुपरमार्केटात आणि पेट्रोलपंपावर मिळतं. दोन इशारे. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून विझली असं समजून वरून इंधन ओतू नका. हात वर धरून ऊब नाही याची खात्री करा, बर्नर गार होऊ द्या, मगच ओता. आणि चूल सपाट खडकावर किंवा वाळूवर ठेवा, गवतावर नाही. कोरड्या दिवसांत 'मेत्सापालो-वारोइतुस', म्हणजे वणव्याचा इशारा असतो, तेव्हा उघडी शेकोटी कुठेच करायची नाही. ट्रांगिया चालते, पण जपून.

सहावी पायरी: पाणी आणि पोट

बाल्टिकचं पाणी खारट आहे, पण आपल्या समुद्राएवढं नाही. इथे हजारात पाच-सहा भाग मीठ, अरबी समुद्रात त्याच्या सहापट. भात शिजवायला चालेल का, असं मला विचारलं गेलंय. नाही चालणार. भांडी विसळायला चालतं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा आणि बेटावर विहीर किंवा नळ आहे की नाही ते आधीच पाहा. तुर्कूतच नळाचं पाणी भरून न्या, बाटलीबंद विकत घेणं हा इथे निव्वळ अपव्यय.

एकदा भरलेला ट्रांगियाचा बर्नर साधारण २५ मिनिटं जळतो. स्वयंपाकाचा बेत याच वेळेत बसवायचा. तूरडाळीचा नाद सोडा. मुगाची डाळ सकाळी डब्यात भिजत टाकली की संध्याकाळी खिचडी एका भरण्यात होते. पोहे हा कॅम्पिंगचा राजा: भिजवायचे, फोडणी द्यायची, संपलं. मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, लिंबू, छोट्या डबीत मोहरी-हिंग-हळद-तिखट एकत्र करून न्या. न्याहरीला ओट्सची लापशी, इथल्यासारखीच. दुकानातून बेटांवरचा काळा गोडसर पाव आणा, माल्ट आणि काकवीची चव असते, लोणी लावून दोन दिवस टिकतो. जुलैत नवे बटाटे मिळतात, नखाने निघेल एवढी पातळ साल, शेपू घालून उकडायचे. मासे खाणाऱ्यांनी बंदरावर धुरी दिलेला मासा घ्यावा, मग तिखटाची आठवण येत नाही. खोटं कशाला बोलू, थोडी येते.

सातवी पायरी: काय चावतं, काय बाधतं

सगळ्यात आधी गोचीड, इथलं नाव 'पुंक्की'. या बेटांवर भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळे दोन आजार होतात. एक मेंदूला सूज आणणारा विषाणूजन्य आजार, त्यावर लस आहे. पहिल्या दोन मात्रांमध्ये एक ते तीन महिने जावे लागतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच आरोग्य केंद्रात विचारा. जूनमध्ये आठवण झाली तर उशीर झालेला असतो. दुसरा लाइम आजार, त्यावर लस नाही, पण वेळेत कळला तर अँटिबायोटिकने बरा होतो. चावल्यानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, त्वचेवर पसरत जाणारा लाल डाग दिसला तर तडक डॉक्टर.

रोजचा नेम: लांब पँट, पायमोज्यात खोचलेली, फिकट रंगाची, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. संध्याकाळी अंग तपासायचं: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला. सापडली तर औषधाच्या दुकानातल्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल, पेटती काडी हे आजीचे उपाय इथे नको. मी लाजून पहिल्या दिवशी तपासणी टाळली आणि तिसऱ्या दिवशी पाठीवरची मित्राने काढली.

साप एकच विषारी, 'क्यू', पाठीवर नागमोडी काळा पट्टा. उन्हात खडकावर पडलेला असतो, जमिनीवर धपधप पाय टाकत चाललात तर निघून जातो. चावला तर हातपाय हलवायचे नाहीत, चिरायचं नाही, चोखायचं नाही, ११२ला फोन करायचा. आपल्याकडचाच आकडा. '११२ सुओमी' नावाचं ॲप आधीच टाकून ठेवा, त्यातून फोन केलात तर तुमची जागा त्यांना आपोआप कळते. बेटाचं नाव उच्चारता येत नसताना हे फार उपयोगी पडतं.

कडक उन्हाच्या दिवसांनंतर पाण्यावर हिरवट साय दिसली तर ती 'सिनिलेवा', म्हणजे नील-हरित शेवाळ. त्यात पोहायचं नाही, भांडीही धुवायची नाहीत.

वारा इथे मीटर प्रति सेकंदात सांगतात. दहा म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, आणि उघड्या बेटावर तो चांगलाच जाणवतो. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. कायाक भाड्याने घ्यायची असेल तर पहिल्यांदा वाटाड्याबरोबरच जा. मालवण-अलिबागकडच्यांनी एक ध्यानात घ्यावं: इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाही. म्हणून कायाक पाण्यालगत ठेवायचा मोह होतो. पण वारा आणि हवेचा दाब पाण्याची पातळी हलवतात, आणि तुर्कू-स्टॉकहोम मार्गावरचं मोठं जहाज लांबून गेलं तरी पाच मिनिटांनी लाटा येऊन धडकतात. चांगली वर ओढून बांधा.

आठवी पायरी: बेटावर वागायचं कसं

हळू आवाजात. पाण्यावरून आवाज किती लांब जातो ते आपल्याला कळत नाही, समोरच्या बेटावर कळतं. स्पीकर नकोच. वाटेत कुणी भेटलं तर 'मोइ' किंवा 'हेइ' म्हणायचं, तेवढं पुरतं.

बंदरावर सौना असतो, तासाच्या हिशोबाने राखून ठेवायचा. बायका आणि पुरुष वेगवेगळे, आणि बहुतेक जण कपड्यांशिवाय. तुम्हाला संकोच वाटला तर टॉवेल गुंडाळून बसा, कुणी बघतही नाही. आत जाण्याआधी अंघोळ, बसायला खाली टॉवेल, आणि तापलेल्या दगडांवर पाणी टाकण्याआधी इतरांना विचारणं, एवढं सांभाळा. मग थेट समुद्रात उडी.

कचऱ्याचे डबे उद्यानात नाहीत, आणि ते मुद्दाम नाहीत. आणलेलं सगळं परत न्यायचं, कांद्याची सालंही. दोन जाड पिशव्या ठेवा, एक कचऱ्याला, दुसरी रिकाम्या बाटल्या-कॅनला. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीमागे २० सेंट, कॅनमागे १५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की पावती मिळते, तिच्यावर परतीची कॉफी निघते.

घरी आल्यावर तंबू ओला तसाच पिशवीत ठेवू नका. विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीत तळघराजवळ कपडे वाळवायची खोली असते, तिथे पसरून टाका. आणि तंबू झटकताना एकदा नीट बघा. आमच्या तंबूच्या कोपऱ्यात परत आल्यावर आठवड्याने एक पुंक्की जिवंत सापडली होती.